जास्त पॉवरचा राउटर घेण्याआधी हे वाचा

"दुकानात वायफाय अडकतंय, जास्त पॉवरचा राउटर घेऊ का?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. पैसे घालण्याआधी त्यामागचं गणित बघा.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून वायफायसाठी लायसन्सशिवाय वापरता येतो. पण मर्यादा आहे: ट्रान्समीटरची पॉवर १ वॅट, आणि अँटेना एका दिशेला जो जोर देते तो धरून ४ वॅट. युरोपात तर ही मर्यादा ०.१ वॅटच आहे. कारण सोपं आहे. लायसन्स नाही म्हणजे जागा सामाईक. एकाने आवाज चढवला, की शेजाऱ्याचं काम अडतं.

वायफाय आधी ऐकतं, मग बोलतं. चॅनल मोकळं दिसलं तरच राउटर डेटा पाठवतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. भर बाजारात दुकानं किती, बघा! तुम्ही पॉवर वाढवली की तुमचा सिग्नल आणखी चार दुकानांत पोचतो आणि ती थांबून राहतात. मग तेही पॉवर वाढवतात, आणि आता थांबायची पाळी तुमची.

दुसरी गोष्ट, राउटर मोठ्याने बोलला तरी मोबाइलची पॉवर तेवढीच राहते. त्याचं उत्तर राउटरपर्यंत पोचत नाही. म्हणून कांड्या फुल दिसतात, पण बिल पुढे सरकत नाही आणि गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळतं.

मग करायचं काय?

१. राउटर दुकानाच्या मध्यभागी, उंचावर लावा. लोखंडी कपाटामागे नको.
२. बिलिंगचा टॅब ५ गिगाहर्ट्झवर घ्या. तिथे चॅनल जास्त आहेत. हा सिग्नल भिंतीत लवकर अडतो, त्यामुळे शेजाऱ्याचा त्रासही कमी.
३. २.४ वर १, ६, ११ पैकी कमी गर्दीचं चॅनल निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.
४. बिलिंगचा कॉम्प्युटर आणि कॅमेरे शक्यतो केबलवर टाका.
५. दुकान लांबलचक असेल तर केबल ओढून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा आणि दोन्हींची पॉवर मध्यम ठेवा.

पहिल्या तीन गोष्टींना बहुतेक वेळा एक रुपयाही लागत नाही. संध्याकाळच्या गर्दीत वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप उघडा, तुमच्या चॅनलवर किती नेटवर्क आहेत ते मोजा आणि कमेंटमध्ये सांगा. राउटरचं बजेट त्यानंतर ठरवू.