मागणीचा नेमका अर्थ : एका नव्या व्यवसायाचा परिचय

काही वर्षांपूर्वी आमच्या पेढीच्या हिशेबासाठी आम्ही संगणकाचा कार्यक्रम तयार करून घेतला. ‘बारदानाचे वजन वजा धरा,’ एवढेच आम्ही त्या तरुणास सांगितले. ते पोत्यामागे धरावयाचे, हे आम्हांस इतके उघड वाटत होते की बोलण्याची गरजच भासली नाही. त्याने ते बिलामागे एकदाच धरले. परिणामी गिऱ्हाइकांकडून बारदानाचे पैसे धान्याच्या भावाने घेतले गेले. एका जुन्या गिऱ्हाइकाने हिशेब समोर मांडला, तेव्हा आमची मान खाली गेली. रकमा परत केल्या. विश्वास परत मिळविण्यास दोन हंगाम लागले. दोष त्या तरुणाचा नव्हे, आमच्या अर्धवट सांगण्याचा होता.

अशा चुका टाळण्याचे आज स्वतंत्र शास्त्र आहे. त्यास ‘रिक्वायरमेंट्स इंजिनिअरिंग’, म्हणजे गरजांची निश्चिती, असे म्हणतात. त्यात मुख्य कामे चार : गरज विचारून काढणे, ती निःसंदिग्ध शब्दांत लिहिणे, संबंधितांकडून ताडून घेऊन मतभेद मिटविणे, आणि पुढे होणाऱ्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे. ठरलेले काम मुदतीत व ठरल्या खर्चात पार पाडणे, हे प्रकल्प-व्यवस्थापकाचे काम होय.

लिहून ठेवले म्हणजे झाले, असेही नाही. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. लेखी अटीप्रमाणे आकडे न्यूटन-सेकंदांत हवे होते. एका कार्यक्रमाने ते पाउंड-सेकंदांत दिले. फरक सुमारे ४.४५ पट! सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जावयाचे यान ५७ किलोमीटरवर उतरले. अट लिहिलेली होती. माल तिच्याशी पुरेसा ताडला गेला नाही. १९५६ च्या कायद्यानंतर मण-शेर जाऊन किलो आले, त्या काळी आमचे वडील प्रत्येक सौद्यात माप कोणते, हे आधी वदवून घेत. ते उगीच नव्हे.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी मार्ग असा : प्रथम गरजा लिहिण्याचे व तपासण्याचे काम करावे. ‘इंटरनॅशनल रिक्वायरमेंट्स इंजिनिअरिंग बोर्ड’ची प्राथमिक परीक्षा अनुभवाच्या अटीविना देता येते. अमेरिकेत १९६९ साली स्थापन झालेल्या ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट’ची ‘पीएमपी’ परीक्षा १९८४ पासून चालू आहे. तिच्यासाठी मात्र प्रत्यक्ष प्रकल्प चालविल्याचा काही वर्षांचा अनुभव लागतो.

मुले पेढी सोडून या नोकऱ्यांकडे वळतात, याची खंत आम्हांसही आहे. परंतु गिऱ्हाइकाचे पूर्ण ऐकावे, न समजल्यास पुन्हा विचारावे, ठरले ते लिहावे आणि माल देताना ताडावे, हा गादीवरचाच धडा तेथे कामास येतो. तो त्यांना लहानपणीच द्यावा. पुढे ती गादीवर बसोत वा कचेरीत, तो वाया जाणार नाही.