गोळीची वेळ घरानं सांभाळायची

पार्किन्सन्समध्ये लोकांना दिसतो तो थरथरणारा हात. घरच्यांची खरी परीक्षा असते ती मंदावलेल्या हालचालींची आणि ताठरलेल्या अंगाची. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, ती उणीव लेव्होडोपाची गोळी काही तासांपुरती भरून काढते. गोळीचा असर असतो तेव्हा आमचे अण्णा स्वतः दाढी करतात. असर उतरला की शर्टाचं बटणही लागत नाही. दिवसभराचं सगळं गणित गोळीच्या वेळेवर.

अण्णा पिंपरीतल्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. मी चाकणला, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट शिफ्टला सकाळची गोळी माझ्या हातून जात नाही, सेकंडला रात्रीची. कंपनीची बस तळेगाव चौकात अडकली की संध्याकाळचीही नाही. म्हणून गोळी अमक्यानं द्यायची, असं ठेवलेलंच नाही. मोबाइलचा गजर झाला की घरात जो असेल तो देतो आणि कॅलेंडरवर लगेच खूण करतो. खूण नसेल तर आधी फोन करून विचारायचं, मगच दुसरी गोळी.

गोळी जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर. दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिनं तिच्या शोषणात आडवी येतात. खाजकुहिलीची पावडर कोणी सुचवली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. तिच्यात मुळातच लेव्होडोपा असतो, म्हणजे नकळत डोस वाढतो.

आता इशाऱ्याची गोष्ट. पावसाळ्यात अण्णांना उलट्या सुरू झाल्या. जवळच्या एका दवाखान्यात इंजेक्शन दिलं, उलट्या थांबल्या. रात्री मात्र अण्णांना कूस बदलता येईना, लाळ गिळता येईना, बोललेलं आईलाही कळेना. सकाळी न्यूरोलॉजिस्टनी केसपेपरवरच्या एका नावावर बोट ठेवलं: मेटोक्लोप्रामाइड. उलटीचं नेहमीचं औषध, पण ते मेंदूत डोपामिनचंच काम अडवतं. प्रोक्लोरपेराझिन आणि झोपेसाठी किंवा बडबड थांबवण्यासाठी दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल, ही त्याच जातीची. अण्णा सावरले, पण त्याला दिवस लागले.

तेव्हापासून अण्णांच्या खिशात लॅमिनेट केलेलं कार्ड असतं. वर 'मला पार्किन्सन्स आहे', खाली गोळ्यांची नावं, डोस आणि घड्याळी वेळा, मग चालत नसलेली औषधं ठळक अक्षरांत, शेवटी न्यूरोलॉजिस्टचा आणि घरचा नंबर. उलटी झाली तर काय चालेल, हे आधीच विचारून त्यावर लिहून घ्या. ॲडमिट करायची वेळ आली तर पहिल्याच तासाला हे कार्ड सिस्टरांना दाखवा. वॉर्डातल्या गोळ्या राउंडच्या वेळेला वाटतात, आपल्याला त्या आपल्या वेळेला हव्यात. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवणार असतील तर गोळीचं काय, हे आधी ठरवून घ्या. लेव्होडोपा एकदम बंद झाला तर ताप आणि कमालीचा ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं.

दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, तेव्हा हात धरून ओढू नका, तोल जातो. आम्ही पॅसेजमध्ये पावला-पावलावर पिवळी टेप आडवी चिकटवली. शॉपफ्लोअरवर आयुष्य काढलेले अण्णा ती पट्टी बरोबर ओलांडतात. टेप नसेल तिथं 'एक-दोन, एक-दोन' म्हणत ताल द्यायचा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला लाजू नका. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांनी आणि नातेवाइकांनीच चालवलेलं आहे. तिथं एकदा तरी जा, आणि एकट्या रुग्णाला पाठवू नका, सांभाळणाऱ्यालाही न्या.

सांभाळणाराही थकतो. इथल्या बऱ्याच कारखान्यांसारखी माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंतच्या गोळ्या, अंघोळ, जेवण माझ्याकडे. आई तिच्या बहिणीकडे भोसरीला जाते. ती 'नको, राहू दे' म्हणते. तरी रिक्षा बोलवायची.