क्रँक बेअरिंगची निवड : इंजिनकाम करणाऱ्यांसाठी

मोटार गॅरेज, लेथ, क्रँक ग्राइंडिंग आणि सुट्या भागांची दुकाने या धंद्यांत आपले पुष्कळ बांधव आहेत. इंजिन बांधायला आले की गिऱ्हाईक पिस्टन-रिंगांच्या मेकची चौकशी करते, पण बेअरिंगबद्दल सहसा कोणी विचारत नाही. हातात मावणाऱ्या त्या अर्धगोल पत्र्या इंजिनाच्या एकूण खर्चाचा लहानसा हिस्सा असतात. मात्र त्या चुकल्या तर गाडी चारपाचशे किलोमीटरवर ठोके देत परत येते, क्रँक दुसऱ्यांदा ग्राइंडरकडे जातो, आणि ते पैसे बहुधा मिस्त्रीच्याच खिशातून जातात. गाडी टॅक्सीची असेल तर तितके दिवस एका घराची रोजी बंद राहते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट समजून घेऊ. चालत्या इंजिनात क्रँक बेअरिंगवर टेकलेला नसतो. जर्नल आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो व क्रँक त्यावर तरंगतो. हा थर राहण्यापुरती जागा म्हणजे क्लिअरन्स. जुना ठोकताळा असा की जर्नलच्या दर इंच व्यासाला पाऊण ते एक थाऊ जागा असावी. म्हणजे दोन इंची, सुमारे ५० मिलिमीटरच्या जर्नलला दीड ते दोन थाऊ, अर्थात ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर. कंपनीच्या पुस्तकात आकडा दिलेला असेल तर तोच धरावा. ठोकताळा पुस्तक नसेल तेव्हासाठी आहे. जागा कमी पडली तर थर तुटतो आणि बेअरिंग जळते. जागा जास्त झाली तर ऑइल कडेने वाहून जाते. ही गळती जागेच्या घनाच्या प्रमाणात वाढते : जागा दुप्पट झाली की त्याच दाबाला गळती आठपट. नवीन ऑइल पंप बसवूनही प्रेशर उठत नाही अशी तक्रार येते, तेव्हा दोष बऱ्याचदा पंपाचा नसून या जागेचा असतो.

आता साइज. प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी आणि दोन्ही टोकांना मोजावा, कारण तो लंबगोल झिजतो आणि कधी निमुळताही होतो. अर्ध्या थाऊपेक्षा, म्हणजे ०.०१३ मिलिमीटरपेक्षा, अधिक फरक दिसला तर नुसते नवे बेअरिंग घालून भागत नाही. समजा स्टँडर्ड जर्नल ५०.०० मिलिमीटरचा आहे आणि झिजून सर्वांत कमी माप ४९.८२ आले. मग तो ४९.७५ ला घासून ०.२५ चे अंडरसाइज बेअरिंग बसेल. पण एकाही मेन जर्नलवर माप ४९.७२ आले, तर ०.२५ मध्ये तो साफ होणार नाही. सर्व मेन ४९.५० ला न्यावे लागतील. मेन आणि बिग एंड यांची साइज वेगळी असली तरी चालते, परंतु चार मेनपैकी तीन एका साइजचे आणि एक दुसऱ्या, असे काम करू नये. पुढच्या मिस्त्रीला तो सापळाच ठरतो.

०.२५ चे बेअरिंग म्हणजे पत्रा ०.२५ ने जाड नव्हे. अंडरसाइज व्यासावर मोजतात, म्हणून एकेक पत्री निम्म्याने, ०.१२५ ने जाड असते. हाउसिंग ५४.०० आणि स्टँडर्ड पत्री १.९८ असेल तर आतला व्यास ५०.०४ येतो, जागा ०.०४. पत्री २.१०५ ची घेतली तर आतला व्यास ४९.७९ येतो, जर्नल ४९.७५, जागा पुन्हा ०.०४. हे गणित कागदावर मांडावे आणि मगच क्रँक ग्राइंडरकडे पाठवावा.

इंच आणि मिलिमीटर यांची गल्लतही इथेच होते. दहा थाऊ म्हणजे ०.२५४, तिथे फरक नगण्य. तीस थाऊ मात्र ०.७६२ होतात. क्रँक तीस थाऊला घासला आणि बेअरिंग ०.७५ चे आणले की जागा ०.०१२ ने वाढली. चाळीस मायक्रॉनच्या हिशेबात बारा मायक्रॉन थोडे नाहीत.

आमचा आग्रह असा की मोजमाप झाल्यावर आधी बेअरिंग हातात घ्यावे, मग क्रँक घासावा. जुन्या गाड्यांच्या बाबतीत तर हे फारच जरूरीचे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेल्या, मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पण या गाड्या जपणारे हौशी लोक आहेत आणि ते दाम मोजतात. क्रँक ०.५० ला घासून ठेवायचा आणि मग ऑपेरा हाउस किंवा नाना पेठेत ती साइज शोधत फिरायचे, हा उलटा व्यवहार झाला. पाकिटावरच्या छपाईवर विसंबू नये. पत्रीच्या पाठीवरचा नंबर व साइज पाहावी, आणि जमल्यास गोल टोकाच्या मायक्रोमीटरने प्रत्येक पत्री मोजावी. पक्के बिल घ्यावे, म्हणजे माल बदलून मिळतो.

धातूचाही विचार करावा लागतो. ट्रायमेटल बेअरिंगमध्ये पोलादी पाठीवर तांबे-शिशाचा थर आणि वर शिसे-कथलाचा अगदी पातळ मऊ मुलामा असतो. ते जास्त भार घेते, म्हणून डिझेलमध्ये फार चालते. अॅल्युमिनिअमच्या बायमेटलमध्ये मुलामा नसतो, एकच जाड थर असतो. त्यात सिलिकॉन असलेली जातही मिळते. ओतीव लोखंडाच्या क्रँकवर ग्राफाइटच्या कणांभोवती बारीक कुसे उभी राहतात, त्यांना हे सिलिकॉन घासून गुळगुळीत करते. कंपनीने मूळ इंजिनात जो प्रकार दिला, तोच घेणे सर्वांत सुरक्षित. या क्षेत्रात कोईमतूरची बायमेटल बेअरिंग्ज आहे आणि आपल्या कोल्हापूरची मेनन बेअरिंग्जही आहे, म्हणजे हे ज्ञान परमुलखातले नव्हे.

जपानी पद्धतीच्या बऱ्याच इंजिनांत स्टँडर्डमध्येच बारीक फरकाच्या पत्र्या असतात व कडेला रंगाचा ठिपका असतो. ब्लॉकवरच्या आणि क्रँकवरच्या खुणा जुळवून रंग ठरतो. ठिपका पुसून टाकण्याआधी लिहून ठेवावा. काही क्रँक नायट्रायडिंग केलेले असतात. त्यांची कठीण साल पातळ असते, घासली की संपते. कंपनी अंडरसाइज देतच नसेल तर ती सूचनाच समजावी.

आता कॅप घासण्याबद्दल, कारण ही सवय अजून गेलेली नाही. आपल्या उस्तादांच्या वेळी व्हाइट मेटल रॉडमध्येच ओतत, निळा लावून स्क्रॅपरने बसवत आणि कॅपखालच्या शिमा काढून ढिलाई भरून काढत. त्या बेअरिंगसाठी ते बरोबरच होते. आजची पातळ पत्री वेगळी आहे. तिची टोके हाउसिंगच्या अर्ध्यापेक्षा किंचित वर असतात, बोल्ट आवळले की ती दाबली जाऊन पाठ हाउसिंगला घट्ट चिकटते. बेअरिंगला फिरू न देण्याचे काम हा दाब करतो. ती छोटी जीभ फक्त जागा दाखवते. कॅप घासली तर भोक लंबगोल होते. पाठीमागे कागद किंवा पत्र्याची पट्टी घातली तर उष्णता बाहेर जात नाही. दोन्ही उपाय गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर जाईपर्यंतचे आहेत.

जुन्या पत्र्या फेकण्याआधी क्रमाने मांडून पाहाव्यात. सगळीकडे ओरखडे असतील तर घाण ऑइल. एकाच कडेला झीज असेल तर रॉड वाकलेला किंवा जर्नल निमुळता. फक्त टोकाची कड चमकत असेल तर ग्राइंडरने कोपऱ्यातला रेडियस मोठा ठेवला आहे आणि पत्री त्यावर चढते आहे. हे कारण काढल्याशिवाय कितीही महाग बेअरिंग घातले तरी तेच होणार.

बसवताना ग्राइंडिंगची भुकटी ऑइलच्या वाटांतून पूर्ण काढावी. खाच असलेली मेन पत्री बहुतेक इंजिनांत ब्लॉकच्या बाजूला येते. उलट लागली तर ऑइलचे भोक बंद होते. थ्रस्ट वॉशरच्या खाचा क्रँकच्या गालाकडे. शेवटी प्लास्टिगेजची काडी कोरड्या जर्नलवर ठेवून कॅप पूर्ण टॉर्कला आवळावी, क्रँक न फिरवता उघडावी आणि चपटलेली रुंदी पट्टीशी ताडावी. काडी अगदी स्वस्त असते. सेल्फ मारण्यापूर्वी ऑइल गॅलरी भरून प्रेशर आलेले पाहावे, आणि मेन व बिग एंडची साइज बिलावर लिहून जुन्या पत्र्यांसह गिऱ्हाईकाच्या हाती द्यावी.