विद्युद्भारांचें परस्पर आकर्षण आणि आकाशांतील वीज

आमच्या ईट गांवच्या परिसरांत पावसाळ्याच्या तोंडीं, रोहिणी व मृग नक्षत्रांच्या सुमारास, पुष्कळदां गडगडाटासह पाऊस येतो. त्या दिवसांत पेरणीपूर्व मशागत चालू असल्यामुळें माणसें व जनावरें उघड्या रानांत असतात. विजेची भीति सर्वांसच आहे. परंतु ती कोणत्या नियमानें वागते हें ठाऊक असल्यास त्या भीतीचें सावधगिरींत रूपांतर होतें. म्हणून तो नियम येथें सांगण्याचें योजिलें आहे.

पौषाच्या कोरड्या थंडींत अंगावरील घोंगडी झटकन ओढिली म्हणजे तडतड आवाज होतो व अंधारांत बारीक ठिणग्या दिसतात. कोरड्या केसांवरून प्लॅस्टिकची फणी फिरवून ती कडब्याच्या भुग्याजवळ धरिली, तर भुगा उडून तीस चिकटतो. दोहोंचें कारण एकच आहे. घर्षणानें एका पदार्थावरील इलेक्ट्रॉन नांवाचे सूक्ष्म कण दुसऱ्यावर जातात. ज्यावर ते जमतात त्यावर ऋणभार व ज्याचे जातात त्यावर धनभार येतो. दप्तरी भाषेंत सांगावयाचें तर एका खात्यांत जितकी जमा, तितकाच दुसऱ्या खात्यांत खर्च. एकंदर बेरीज बदलत नाहीं. सजातीय भार एकमेकांस लोटतात व विजातीय भार एकमेकांस ओढतात.

हें बल कसें बदलतें, तें फ्रान्समधील कूलोम या शास्त्रज्ञानें १७८५ सालीं पीळ खाणाऱ्या बारीक तारेचा तराजू करून मोजलें. एक भार दुप्पट केला तर बल दुप्पट होतें. दोन्ही दुप्पट केले तर चौपट होतें. अंतराचा हिशेब मात्र उलटा आहे, व तो गुंठ्यावरून सहज ध्यानांत राहतो. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे १ गुंठा. बाजू ६६ फूट केली तर ४ गुंठे व ९९ फूट केली तर ९ गुंठे होतात. त्याचप्रमाणें अंतर दुप्पट केलें तर बल चौथा हिस्सा व तिप्पट केलें तर नववा हिस्सा उरतें. भाराच्या मापास कूलोम हेंच नांव आहे. एकेक कूलोमचे दोन भार १ मीटर अंतरावर ठेवितां आले, तर त्यांच्यांतील बल सुमारें ९ लाख टन वजनाइतकें होईल!

भुग्यावर मूळचा भार नसतांही तो कां ओढला जातो? फणीवरील ऋणभार भुग्यांतील ऋणभारास किंचित् मागें सारतो, त्यामुळें धन बाजू फणीजवळ येते. जवळच्या बाजूची ओढ दूरच्या बाजूच्या लोटण्यापेक्षां अधिक भरते.

मेघांतही असेंच घडतें. बर्फाचे कण व मऊ गारा एकमेकांवर आपटून भार वेगळे होतात व बहुधा मेघाच्या खालच्या भागांत ऋणभार सांचतो. त्याच्या प्रभावानें खालील जमिनीवर धनभार येतो. एकट्या उंच झाडाच्या शेंड्याशीं हा विद्युत्प्रभाव विशेष तीव्र होतो. हवा सहसा वीज वाहूं देत नाहीं. परंतु ताण अनावर होतांच तिचा रोध मोडतो व वीज पडते.

अशा झाडाखालीं उभें राहणें म्हणूनच घातक होय. बुंध्यावरून वीज जवळच्या माणसावर उडी घेते, आणि जमिनींतूनही चोहोंकडे पसरते. बैलाच्या पुढील व मागील पायांत अंतर अधिक असल्यामुळें जमिनींतील वीज एका पायानें शिरून छातींतून दुसऱ्यानें बाहेर पडते. यास्तव जनावरें झाडाखालीं बांधूं नयेत, तारेच्या कुंपणाजवळही नेऊं नयेत.

वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर ती सुमारें १० किलोमीटरांच्या आंत आहे असें समजावें. तत्काळ काम सोडून पक्क्या घरांत किंवा बंद मोटारींत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटें बाहेर पडूं नये. दोन्हींपैकीं कांहींच जवळ नसेल तर झाडें, विजेचे खांब व उंचवटा यांपासून दूर, सखल जागीं पाय जुळवून उकिडवें बसावें. आडवें पडूं नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें तयार केलेलें ‘दामिनी’ हें मोबाईलवरील साधन जवळपासच्या विजेची सूचना देतें. तें प्रत्येक घरीं असावें. पेरणी अर्धा तास लांबली तर कांहीं बिघडत नाहीं; पण ऐन पेरणींत घरचा कर्ता किंवा बैलजोडी गेली, तर तें नुकसान कोणत्याही पिकानें भरून येत नाहीं.