‘पेट्टा’ : एका इंग्रजी शब्दाचे मूळ आणि अर्थ

इंग्रजी कोशांच्या एका कोपऱ्यात ‘पेट्टा’ हा शब्द अद्याप टिकून आहे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या लष्करी वृत्तांतांत तो वारंवार येई. अर्थ : किल्ल्याच्या तटाबाहेरील, पुष्कळदा स्वतःचा कोट असलेली वस्ती. कॉर्नवालिसच्या फौजेने ७ मार्च १७९१ रोजी बंगळूरचा ‘पेट्टा’ घेतला. किल्ला पडला तो दोन आठवड्यांनी, २१ मार्चच्या रात्री.

मराठी अभ्यासकास येथे ‘पेठ’ आठवते आणि इंग्रजांनी तीच उचलली, हे अनुमान मोहक वाटते. ते स्वीकारता येत नाही. शब्दान्तीचा ‘एच’ महाप्राणाचा द्योतक नव्हे. ‘राजा’, ‘मुल्ला’ यांच्या इंग्रजी लेखनातही तो केवळ अन्त्य स्वरासाठी येतो. द्वित्त ‘टी’ मात्र तमिळ ‘पेट्टै’कडे बोट दाखविते, यूल व बर्नेल यांनीही १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये तमिळच मूळ दिले आहे. बंगळूरच्या कन्नडात ‘पेटे’ असा एकेरी ‘ट’ आहे. तेव्हा शब्द मद्रासेकडे रुळला आणि फौजेबरोबर घाट चढून आला, असे मानणे सयुक्तिक. ‘पेटे’शी आपल्या ‘पेठे’चे नाते काय, हा प्रश्न निराळा आणि अधिक अवघड. तिच्या ‘ठ’मधील महाप्राण या द्राविडी रूपांत नाही, हिंदीत आठवडी बाजारास ‘पैंठ’ म्हणतात, हेही दुर्लक्षिता येत नाही.

व्युत्पत्तीपेक्षा अर्थातील तफावत अधिक बोलकी आहे. पुण्याची शनिवार पेठ किंवा कोल्हापूरकडील पेठ वडगाव कशाच्या ‘बाहेर’ नाही. पेठ ‘वसवितात’, तिचे केन्द्र देवघेव होय. बंगळूरच्या पेटेतही अक्किपेटे तांदळाची, बळेपेटे बांगड्यांची, अरळेपेटे कापसाची : नावे मालावरून पडलेली, तटावरून नव्हेत. इंग्रजी शब्दाने ही सारी देवघेव गाळली आणि वेढा घालणाऱ्याच्या नजरेस पडले तेवढे ठेवले, म्हणजे किल्ल्यापूर्वीचा अडथळा. कोलंबोत मात्र या अर्थाची देशी जोड सापडते. तेथील ‘पेट्टा’ भागाचे सिंहली नाव ‘पिटकोटुव’, म्हणजे किल्ल्याबाहेरचा भाग. पण ते शहर परकीयांच्या कोटाभोवतीच वाढले.

बंगळूरच्या किल्ल्याचा आता थोडाच भाग उभा आहे. पेटेत व्यापार चालू आहे.