सरीसृपांची ओळख : लक्षणे आणि वर्गीकरण

जमिनीवरील जीवन पूर्णतः साधलेला पृष्ठवंशी प्राण्यांचा वर्ग म्हणजे सरीसृप वर्ग होय. बेडकासारख्या बहुतेक उभयचरांना अंडी घालण्यासाठी पाण्याचा आश्रय घ्यावा लागतो. सरीसृपांच्या अंड्यास मात्र कवच असते व आतील गर्भ द्रवयुक्त आवरणात सुरक्षित राहतो. त्यामुळे तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उदयास आलेल्या या प्राण्यांना पाण्यापासून दूरवर पसरता आले.

प्रमुख लक्षणे

सरीसृपांची त्वचा कोरडी व खवल्यांनी आच्छादलेली असते. श्वसन फुप्फुसांद्वारे होते. बहुतेकांचे हृदय तीन कप्प्यांचे असून मगरीचे मात्र चार कप्प्यांचे असते. शरीराचे तापमान परिसरानुसार बदलते. म्हणूनच सकाळी सरडा उन्हात बसलेला दिसतो. शरीर उबदार राखण्यासाठी अन्न खर्ची पडत नसल्याने साप कित्येक दिवस अन्नावाचून राहू शकतो.

चार गण

आज हयात असलेल्या सरीसृपांचे चार गण मानले जातात. पहिल्यात कासवे, तर दुसऱ्यात मगर व सुसर यांचा समावेश होतो. तिसऱ्या गणात केवळ न्यूझीलंडमध्ये आढळणारा तुआतारा हा एकमेव प्राणी आहे. चौथा गण सर्वांत मोठा असून पाल, सरडा, सापसुरळी, घोरपड आणि सर्व साप त्यात मोडतात.

ओळखीचे महत्त्व

पाल व घोरपड यांना विषारी समजून मारले जाते. वस्तुतः आपल्याकडील पाल व घोरपड यांच्यापासून विषबाधेचे भय नाही. उंदीर फस्त करणारी धामण तर शेतकऱ्याची मित्रच होय. महाराष्ट्रात बहुतेक गंभीर सर्पदंश नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांमुळे होतात. नाग व मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर, तर घोणस व फुरसे यांचे रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करते. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, म्हणून जमिनीवर झोपणाऱ्यास तो कळतही नाही.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८ हजार माणसे दगावली. या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविष लस उपलब्ध आहे. मात्र मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. रुग्णास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये व विनाविलंब प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात ही लस मिळते, याची माहिती पावसाळ्यापूर्वीच ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे अवघड नाही. शाळेत वर्गीकरण शिकविताना गावातील सापांची चित्रे दाखविल्यास पाठ्यपुस्तकातील धडा घराघरांत पोहोचेल. त्यातून माणसाचा जीव वाचेल आणि निरुपद्रवी प्राण्याचाही.