इन्सेंटिव्ह वाढवला, तरी कामगार सोमवारी गायब का?



ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "नगावर पैसे द्यायला लागलो, माल जास्त निघतो. पण पैसे हातात पडले की माणूस दोन दिवस पिऊन पडतो. काय करायचं?"

सगळा दोष माणसावर टाकण्याआधी पगाराची पद्धत तपासा.

आर्ट्झ, ग्रीन आणि हेवूड या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तरुण कामगारांची माहिती तपासून 2021 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. कामगिरीवर पगार घेणाऱ्यांमध्ये दारू आणि नशेचं प्रमाण जास्त दिसलं. त्यांच्या मते, जास्त मेहनत आणि ताण हे त्यामागचं कारण असू शकतं. आपल्याकडेही हे पटण्यासारखं आहे. नग वाढवायला माणूस अंग मोडेपर्यंत राबतो, मग अंगदुखी घालवायला "क्वार्टर" लागते.

आता दुसरी बाजू. फ्रँक शिलबाख यांनी चेन्नईतल्या 229 सायकलरिक्षाचालकांसोबत तीन आठवड्यांचा प्रयोग केला. काहींना रोज न पिता आल्यास जादा पैसे मिळायचे. दिवसाचं पिणं कमी झालं. कमाई फारशी वाढली नाही, तरी बचत सुमारे निम्म्याने वाढली! आणि निम्म्याहून जास्त चालकांनी बिनशर्त पैशांऐवजी ही अट स्वतःहून निवडली. म्हणजे पिणाऱ्यालाही कमी प्यायचं असतं, त्याला आधार हवा असतो.

मग तुम्ही काय कराल?

1. पगाराचा मोठा भाग फिक्स ठेवा, इन्सेंटिव्ह त्यावर द्या. नगावर काम असलं तरी किमान वेतनाच्या खाली जाता येत नाही, हे विसरू नका.
2. फक्त नग मोजू नका. हजेरी आणि चांगला माल यांनाही पॉइंट द्या. सोमवारची हजेरी आपोआप महत्त्वाची होते.
3. रोज रोख देऊ नका. बँकेत जमा करा. हप्ता असेल तर बाजारच्या दिवशी सकाळी द्या, म्हणजे आधी घरचं वाणसामान येतं.
4. दिवसाच्या नगांना मर्यादा घाला, जेवणाची सुट्टी सक्तीची करा. मशीनवर प्यायलेल्या माणसाला बसवूच नका, पण चारचौघांत अपमानही नको. दुसऱ्या दिवशी बाजूला घेऊन बोला.

आजचा गृहपाठ: मागच्या तीन महिन्यांचं हजेरीपत्रक काढा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी किती जण गैरहजर होते, ते मोजा. तो आकडा बघा आणि मगच पुढचा इन्सेंटिव्ह ठरवा.